लेकरांना दाखवण्यासारखा सिनेमा

सिनेमा संपला तेव्हा विहारातल्या सगळ्या बायांचे पदर ओले होते. कोरडा होता तो एकट्या महामायाचा. डोळ्यांत पाणी यायला जागाच नव्हती, इतका राग तिथे भरून राहिला होता. सोजराबाई तर अजून हुंदके देत होती आणि मधेच नाक शिंकरून म्हणत होती, “लय चांगला हाय वं माय, लयच चांगला.” रडू आलं की सिनेमा चांगला, आणि चांगला सिनेमा पोरांनी पाहायलाच पाहिजे, असा धामणगाव बढ्यातल्या बायांचा सरळ हिशेब. त्या हिशेबाने हा सिनेमा पहिल्या नंबरात पास झाला होता.

वर्षावास संपत आला होता. आषाढ पौर्णिमेपासून रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन चालायचं आणि आश्विन पौर्णिमेला त्याची सांगता व्हायची. दरवर्षी सांगतेला भाषणं आणि खीर. भाषणांना पोरं पेंगायची, खिरीला जागी व्हायची. यंदा शाळेवर नव्याने आलेल्या धम्मशीला मॅडमनी सुचवलं, की भाषणं कमी करू आणि पोरांना पडद्यावर एक चांगला कौटुंबिक सिनेमा दाखवू. बायांनी ते उचलून धरलं. पण पोरांसमोर काही भलतंसलतं नको, म्हणून महिला मंडळाने तो आधी स्वतः पाहायचा असं ठरलं. शनिवारची शाळा सुटली तशी विहाराच्या खिडक्यांना चादरी लागल्या आणि मॅडमच्या लॅपटॉपवरून भिंतीवर सिनेमा सुरू झाला. बाहेर ओट्यावर पोरं निकालाची वाट बघत बसली. त्यांत महामायाची श्रावस्तीही होती, सातवीतली, सगळ्यांत मोठ्या आवाजात बोलणारी.

सिनेमाचं नाव काहीतरी मायेबियेचं होतं. महामायाने ते पुढे कधी तोंडातून काढलं नाही. गोष्ट अशी, की एका बाईला मूल होत नाही. तिची जाऊ आपली तान्ही पोर तिच्या ओटीत घालते. पोर मोठी होते, एक दिवस तिला कळतं, आणि मग ती रडत, धावत, पायात चप्पल नसताना सख्ख्या आईच्या गावाला पोचते. सख्खी आई दारात उभी. वारा सुटतो, बासरी वाजते, पोर हळूहळू धावते, सिनेमात धावतात तशी, आणि गळ्यात पडते. मागून वाढवणारी बाई येते, पोरीच्या कपड्यांची बॅग उंबऱ्यावर ठेवते, हात जोडते आणि निघून जाते. म्हणे त्याग. बारा वर्षं जिने पोरीची नाकं पुसली, तापात रात्र रात्र उशाशी बसली, तिने शेवटी हमालासारखी बॅग पोचवायची आणि बासरी दुसरीसाठी वाजायची! महामायाला वाटलं, उठावं आणि खिडकीवरची चादर टरकन फाडावी.

कारण ही गोष्ट तिचीच होती. श्रावस्ती तिच्या पोटची नव्हती. नांदुऱ्याला राहणारे थोरले दीर इंद्रभान आणि जाऊ अन्नपूर्णा, त्यांची ती तिसरी मुलगी. सासूबाईंनी, कौशल्याबाईंनी, वीस दिवसांचं ते गाठोडं आणून महामायाच्या ओटीत घातलं होतं आणि तेव्हाच शब्द घेतला गेला होता, की पोरीला हे सांगायचं तेव्हा महामायाच सांगेल. तोवर कोणी तोंड उघडायचं नाही. अख्ख्या आळीने तो शब्द पाळला. एरवी ज्या आळीत कोणाच्या घरी भाकर करपली तरी चार घरांना कळतं, तिथे हे एक गुपित टिकलं. महामाया मात्र सांगायचं पुढे ढकलत राहिली. पोर शाळेत जाऊ दे, मग. चौथीत जाऊ दे, मग. शहाणी होऊ दे, मग. ती आशा वर्कर होती. कुटुंबनियोजनापासून क्षयापर्यंत सगळं लोकांना तोंडावर सांगायची तिची ख्याती. पण घरी तिची बोलती बंद.

वच्छलाबाई मंडळाच्या अध्यक्षा. त्यांनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि बसल्या जागी ताठ झाल्या. या मंडळाची एक रीत होती. फार वर्षांपूर्वी एक भंतेजी वर्षावासाला राहिले होते, त्यांनी शिकवलेली. ठराव तीनदा विचारायचा. ज्यांना मान्य, त्यांनी गप्प राहायचं. ज्यांना अमान्य, त्यांनी बोलायचं. तिसऱ्यांदाही कोणी बोललं नाही तर ठराव झाला. खिरीत गूळ की साखर, इथपासून सगळं या बाया असंच ठरवत.

“हा सिनेमा पौर्णिमेले लेकराईले दाखवावा,” वच्छलाबाई म्हणाल्या. “ज्याईले पटते त्याईनं गप राहावं. पटत नसन त्याईनं बोलावं.”

सगळ्या गप्प. महामायाने घसा खाकरला. “लय लांब हाय. पोट्टे बसनार नाहीत एवढा वेळ.”

“मधे थांबवू ना, ताई,” धम्मशीला मॅडम उत्साहाने म्हणाल्या. त्या मेहकरच्या, गावात येऊन चार महिने झालेले. “तेव्हाच खीर वाटू. मुलं खूश.”

वच्छलाबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं. महामाया म्हणाली, “त्यातला तो काका दारू पेते. लहान लेकराईसमोर काय दारू दाखवता?”

“पेते कुठी वं?” सोजराबाई रडता रडता हसली. “बाटली नुसती टेबलावर हाय. आन् आपल्या पोट्ट्याईनं काय बाटली पाह्यली नाही कवा?”

बाया हसल्या. त्या हसण्याने महामायाच्या अंगाची लाही लाही झाली. या सगळ्या जणींना ठाऊक होतं ती काय म्हणतेय आणि काय म्हणू शकत नाही. तरी एकही मदतीला येईना. सिनेमातल्या बाईसाठी यांचे डोळे वाहतात आणि शेजारी बसलेली बाई यांना दिसत नाही! ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात ते काही खोटं नाही.

वच्छलाबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं. या खेपेला त्या थेट महामायाकडे बघत होत्या.

“नाही,” महामाया उभी राहिली. “मले पटत नाही. हा सिनेमा लेकराईच्या कामाचा नाही. झालं.”

“कारन?”

“कारन इथं बसलेल्या एकूनएक बाईले माहीत हाय!”

बाया सतरंजीचे धागे ओढत बसल्या. फक्त धम्मशीला मॅडम गोंधळून सगळ्यांकडे पाहत होत्या. “मला नाही माहीत, ताई. माझं काही चुकलं का? मला तर हा सिनेमा तुमच्याच जाऊबाईंनी पाठवला. नांदुऱ्याच्या अन्नपूर्णाताईंनी. तिथल्या शिबिरात ओळख झाली आमची. दोनदा फोन करून म्हणाल्या, की सांगतेला हाच लावा, आमच्या श्रावस्तीच्या वयाच्या मुलांनी तर बघायलाच हवा. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

महामायाची कानशिलं तापली. हे असं आहे तर! सिनेमा आपोआप नाही आला. आणला गेला. तोंडाने शब्द मोडायचा नाही, हात झटकून मोकळं राहायचं, आणि भिंतीवरच्या नट्यांकडून पोरीला सांगवायचं. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून बार काढायचा. आणि तेही सगळ्या गावासमोर, खिरीच्या वाट्या हातात घेऊन!

“ठराव नामंजूर,” वच्छलाबाई शांतपणे म्हणाल्या. मग महामाया चप्पल घालत असताना त्या दाराशी आल्या आणि हळू आवाजात बोलल्या, “सिनेमा थांबवता येते, माय. आमचे तोंडं कवापर्यंत थांबवशीन? मी म्हातारी झाली. चुकून तोंडातून निघून जाईन एखाद्या दिवशी.”

विहाराच्या मागे कडुलिंबाखाली उभं राहून महामायाने नांदुऱ्याला फोन लावला. पलीकडून ‘जय भीम’ येण्याआधीच ती तुटून पडली.

“लाज नाही वाटली तुमाले, ताई? शब्द देल्ला होता नं? सिनेमा पाठवता? सांगाची हिंमत नव्हती तं बासरीवाले धाडले काय?”

“मी शब्द मोडला नाही,” अन्नपूर्णा म्हणाली. आवाज घट्ट होता. फोनची वाट बघत बसल्यासारखा. “मी तिले एका शब्दानं काई सांगतलं नाही. सिनेमा काई मी नाही काढला.”

“साळसूदपना मले नका शिकवू! सगळ्या गावासमोर माझं लेकरू असं उघडं पाडत होत्या तुमी. ते तिथं बसून काय करनार होतं? कोनाचं तोंड पाहनार होतं?”

“बारा वर्सं झाले, महामाया. तू सांगनार होतीस.”

“सांगनारच होते!”

“कवा? तिच्या लग्नात? दिवाळीले येते पोरगी, मले मोठ्याई म्हनते, पाया पडते आन् तुझ्या मागं मागं निंगून जाते. माझ्या पोटात आग पडते, तुले काय ठाव?”

“मंग देल्ली काऊन?” महामाया ओरडली. कडुलिंबावरचे पक्षी उडाले. “तवा तं हासत देल्ली! आता दोघी पोरी सासरी गेल्या, घर खायाले उठलं, म्हनून आठवली काय?”

मग अन्नपूर्णा बोलली तेव्हा तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच महामायाला तो जास्त लागला. “मी कवा देल्ली वं? मी बाजेवर होते. अंगात ताप. सासूबाई आल्या, म्हने तिसरी बी पोरगीच, धाकटीची ओटी रिकामी हाय, आन् उचलून नेली. मले कोनी इचारलंच नाही. तुमच्या मंडळात तीनदा इचारता म्हने. मले एकडाव बी नाही इचारलं. मी गप होते, म्हनून सगळ्याईले वाटलं मी राजी हाय.”

महामायाला तर सासूबाईंनी सांगितलं होतं, की थोरलीनेच मोठ्या मनाने दिली. बारा वर्षं ती त्या मोठ्या मनाचं ओझं वागवत आली होती, प्रत्येक दिवाळीला अन्नपूर्णासाठी स्वतःपेक्षा भारी लुगडं घेत आली होती. आणि ते मोठं मन कोणी दाखवलंच नव्हतं. कौशल्याबाई जाऊन सात वर्षं झाली होती. मेलेल्या माणसावर रागावून काही हाती लागत नाही, तरी ती रागावली. मग पुन्हा अन्नपूर्णावर रागावली, की हे एवढं मोठं आधी का नाही बोलली. मग स्वतःवर, की आपणही कधी विचारलं नाही. मिळालेलं लेकरू कवटाळून बसलेल्या बाईला असले प्रश्न पडत नाहीत.

“तरीबी,” ती शेवटी म्हणाली, “सिनेमा पाठवाचा नव्हता.” आणि फोन कापला.

घरी आली तर श्रावस्ती आधीच अंगणात उभी. दप्तर बाजेवर फेकलेलं, वेणी सुटलेली, नाकपुड्या फुगलेल्या. नवरा देवानंद शेतात सोयाबीनच्या मळणीवर होता; घरात दोघीच.

“तू बंद पाडला नं सिनेमा?” ती कडाडली. “सगळे पोट्टे मलेच म्हनून राह्यले. प्रज्वल म्हने, तुझ्या मायनं खोडा घातला. काऊन पाडला? काय होतं त्याच्यात?”

“काई नव्हतं.”

“काई नव्हतं तं काऊन पाडला? आमाले काई समजत नाही काय? मोबाइलवर याच्यापेक्षा कितीक पाहतो आमी!”

महामायाच्या तोंडावर नेहमीचं उत्तर आलं होतं: मोठी झाली की सांगीन. ते तिने गिळलं. वच्छलाबाईंचा आवाज कानात होता, अन्नपूर्णाचा त्याहून जास्त. आज नाही सांगितलं तर उद्या दुसरा सिनेमा येईल, परवा कोणाची जीभ घसरेल. सांगायचं तर आपल्या तोंडाने, नाहीतर आयुष्यभर दुसऱ्यांची तोंडं दाबत फिरायचं. ती बाजेवर बसली.

“एक बाई असते,” ती म्हणाली. “तिले लेकरू होत नाही. तिच्या जावेची तान्ही पोरगी तिच्या ओटीत घालतात. ते बाई तिले वाढवते. पोरगीले कोनी सांगत नाही.”

“मंग?”

“मंग तिले मालूम पडते. आन् ते पळत जाते, जन्माच्या मायकडं.”

श्रावस्तीने खांदे उडवले. “बस? एवढ्यासाठी पाडला? याच्यात काय वाईट हाय? हे तं पहिलीच्या पोट्ट्याईलेबी दाखवता येते.”

“ते पोरगी तू हायस.”

श्रावस्ती हसली. आईच्या तोंडाकडे बघून ते हसू तिथेच थांबलं. अंगणात शेजारची कोंबडी आली होती; दोघी काही वेळ तिच्याकडेच बघत राहिल्या.

“मोठ्याई?” श्रावस्तीने विचारलं.

“हाव.”

“बाबाले माहीत हाय?”

“हाव.”

“वच्छला आजीले? सोजरा आजीले?”

“हाव.”

“प्रज्वलच्या मायले?”

महामायाने मान हलवली. आणि मग पोरीचा जो आवाज लागला, तसा तिने कधी ऐकला नव्हता.

“म्हंजे सगळ्याईले माहीत! अख्ख्या गावाले! आन् मलेच नाही? मी काय येडी होते? मी तिथं ओट्यावर बसून वाट पाहत होते, आन् तुमी आत बसून माझाच सिनेमा पाहून रडत होत्या!”

“मी नाही रडले वं माय. मी एकटी नाही रडले.”

“मंग काय करत होतीस?”

“भांडत होते. तुझ्यासाठी.”

“माझ्यासाठी नाही! तुझ्यासाठी!”

ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच महामायाला संताप आला. हात उचलला गेला. तो हवेतच राहिला. एवढ्यात श्रावस्तीने तिच्या मांडीवरचा मोबाइल हिसकला आणि नांदुऱ्याचा नंबर लावला. महामायाला वाटलं, आता ही अन्नपूर्णाला आई म्हणणार. आता ही विचारणार, येऊ का. सिनेमात हेच होतं. यापुढे फक्त बॅग भरायची राहते.

“मोठ्याई,” श्रावस्ती फोनवर म्हणाली, “मले समजलं. हाव, आईनं सांगतलं. तू सिनेमा काऊन पाठवला? तुले गाडीत बसून येता नाही आलं काय? नांदुरा काय परदेशात हाय?” पलीकडून काहीतरी बोलणं झालं, रडणंही ऐकू आलं. “मले नको सांगू तुले कसं वाटते ते! मले कसं वाटते ते कोनी इचारलं? तू बी खोटी आन् हे बी खोटी. दोघी बी माझ्यासंग बोलू नका.”

फोन बाजेवर आपटून ती घरात शिरली. महामायाचे डोळे, दिवसभर कोरडे राहिलेले, आता भरून आले. श्रावस्ती दाराशी वळली आणि तिने ते बघितलं.

“रडू नको,” ती म्हणाली. “तू नाही रडायचं. आज मी रडनार हाय.”

आणि दाराची कडी लागली. आतून हुंदके ऐकू येऊ लागले, गोधडीत तोंड खुपसून काढलेले. महामायाने दार ठोठावलं नाही. ती उंबऱ्यापाशी खाली बसली. मनात हजार शब्द आले: मी तुले छातीशी धरून वाढवलं, मी हे केलं, मी ते केलं. सगळे त्या सिनेमातल्या बाईच्या तोंडचे वाटले. एकही बोलण्यालायक नव्हता.

दिवेलागणीला अन्नपूर्णा आली. मोताळ्यावरून मिळेल त्या गाडीने, घरातल्या साडीवर, हातात पिशवीसुद्धा नाही. तिने महामायाकडे पाहिलं, महामायाने तिच्याकडे, आणि दोघींच्याही नजरेत माफी नव्हती. अन्नपूर्णा सरळ दाराशी गेली आणि कडी वाजवली. “श्रावस्ती, मी आली वं बाई. उघड.”

आत हालचाल झाली. पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. नाही म्हटलं तरी महामायाला अजून त्या बासरीची भीती वाटत होती.

“आई बाहीर हाय काय?” आतून आवाज आला.

“हाय,” महामाया म्हणाली.

“दोघी बी बसा तिथंच. मी काय पाहाचं आन् काय नाही ते तुमी ठरवलं नं एवढे दिवस? आता दार कवा उघडाचं ते मी ठरवीन.”

पावलं परत गेली. अन्नपूर्णा दाराच्या दुसऱ्या बाजूला खाली बसली. तिने पदर तोंडाशी नेला आणि तिचे खांदे हलायला लागले.

“रडू नका,” महामाया तिच्यावर खेकसली. “तिनं मना केलं हाय.”